बिनटोपल्याचं फावडं

मंडळाची खोली बांधून झाली, छपरावर कवेलू चढले, दाराला साखळी बसली, आणि त्याच दिवसापासून मोहटोल्यात भांडणाला तोंड फुटलं. खोली नव्हती तेव्हा गाव गुण्यागोविंदानं नांदत होतं असं काही नाही. पण तेव्हाच्या भांडणांना निदान कुलूप-किल्ली नव्हती.

ग्रामसुधार मंडळाच्या पोटात तीन मंडळं होती. केवळरामाचं भजन मंडळ, मनिरामाची राजा-राणीची सोंगं घेऊन नाचणारी दंडार मंडळी आणि यादोरावाचं वाचन मंडळ. वाचन मंडळाकडे एक लोखंडी पेटी, अकरा पुस्तकं आणि एक सभासद होता, तो म्हणजे यादोराव स्वतः. मनिरामाचा हा मुलगा गोंदियाला राहून मॅट्रिक झालेला, म्हणून साऱ्या मंडळाचा चिटणीसही तोच. त्याला खोलीचा लोभ नव्हता. पेटी कुठेही मावत होती. भांडण होतं ते बाकी दोघांचं. खोली एवढीशी, आत टाळ वाजले तर दंडारीचे बोल ऐकू येणार नाहीत, आणि दंडारवाले नाचले तर भजनवाल्यांना मांडी घालायला जागा उरणार नाही. दिवाळी होऊन गेलेली, मंडईची जत्रा आठ दिवसांवर आलेली. मंडईत दंडार नाचली पाहिजे म्हणून मनिरामाला तालमीसाठी खोली हवी होती, आणि मनिरामाला हवी होती म्हणून केवळरामालाही हवी होती.

हे दोघे सख्खे भाऊ, हे सांगायला नकोच. परके लोक इतकं मन लावून भांडत नाहीत.

सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद झालं म्हणजे भांडण बंद झालं नाही. ते बैलांमार्फत आणि कोंबड्यांमार्फत चालायचं. "अवो कोंबडे, ज्याच्या घरची तू, त्याले सांगजो, आमच्या अंगणात उकरशील तर हंडीत जाशील," असं मनिराम भिंतीपाशी उभं राहून मोठ्यानं म्हणायचा. वाटणीही अशी झाली होती की तिसऱ्या गावापर्यंत गाजली. मायच्या हातचं एक भलं मोठं जातं होतं. पंच म्हणाले, एकानं जातं घ्या, दुसऱ्यानं त्याबदली उखळ घ्या. दोघेही म्हणाले, अर्धं-अर्धं करा. मग केलं अर्धं. वरची तळी केवळरामाकडे गेली, खालची मनिरामाकडे राहिली. वरच्या तळीनं आता केवळरामाचं कोंबड्यांचं खुराडं झाकलं जाई, आणि खालच्या तळीवर बसून मनिराम आंघोळ करी. दोघांची थोरली बहीण धुरपताबाई नवरा गेल्यावर माहेरी आलेली, तिलाही वाटून घेतलं. पंधरा दिवस भिंतीच्या इकडे, पंधरा दिवस तिकडे.

आणि वाटल्या गेल्या दोघी जावा, देवकाबाई आणि नंदाबाई. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. अठरा वर्षं त्याच जात्यावर समोरासमोर बसून, एका खुंट्याला दोघींचे हात लावून दळलेल्या बाया. मनिरामाची देवकाबाई मोठी, तोंडाची तिखट. केवळरामाची नंदाबाई धाकटी, हसली की थांबायची नाही. भिंत झाली त्या दिवशी दोन्ही नवऱ्यांनी बजावलं, तिकडच्या बाईशी बोलायचं नाही. तेव्हापासून तलावाच्या घाटावर धुणं आपटताना जे काय चार शब्द होत, तेवढेच. सहा वर्षांत दोघी एका जागी निवांत बसल्या नव्हत्या. देवकाबाईला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिला नंदाशेजारी बसायचं होतं, बस्स. पण हे नवऱ्याला सांगायचं तर सांगणार कसं?

त्या सकाळी मनिराम अर्ध्या जात्यावर आंघोळीला बसला होता आणि अंगावर पाणी घेता घेता दंडारीतल्या राजाचे बोल म्हणत होता. मधूनच थांबून तो बोटं मोजायचा.

"अवो यादोचे माय," तो ओरडला, "एकोणीस घरं पक्की झाली! अडतीसातले एकोणीस फावडे आपले. चैतराम आला का वीस."

"चैतराम येते का?"

"कायले नाई येनार? मी त्याले राणीचं सोंग देऊन राहिलो. तीन साल झाले, राणीपायी जीव टाकून राहिला तो."

"परवा त्याले केवळरामभावजीनं मिरदंग देतो म्हनलं," देवकाबाई पाण्याचा हंडा ठेवत म्हणाली. "त्यालेबी हो म्हनलं चैतरामानं."

मनिरामाच्या अंगावरचं पाणी तिथंच वाळलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोंबडीनं," देवकाबाई म्हणाली आणि आत गेली.

फावड्यांचं प्रकरण असं होतं. मागच्या साली मंडळानं हात वर करून मतं घेतली, तर काहींनी दोन्ही हात वर केले, आणि एकानं तर माहेरपणाला गेलेल्या भावजयीच्या वतीनंही केला. चिठ्ठ्या टाकाव्या तर लिहिणार कोण? तेव्हा केवळरामानंच ठराव मांडला, की आपल्या गावाची गिनती तलावाच्या रिवाजानं व्हावी. मोहटोल्याचा तलाव म्हणजे धुरपताबाईच्या आजा-पणजानं बांधलेला. दर उन्हाळ्यात बांधाच्या पाळीवर माती टाकायला घरटी एक फावडं यायचं, आणि कोणतं घर आलं, कोणतं नाही, हे फावड्यांवरून कळायचं. तसंच आता घरटी एक फावडं आणायचं आणि ज्या मंडळाला खोली द्यायची त्याच्यासमोर जमिनीत रोवायचं. ठरावाखाली केवळरामाची सही होती, मोठी, खाली दोन रेघा मारलेली.

देवकाबाई धुण्याचं टोपलं घेऊन घाटावर गेली तेव्हा नंदाबाई आधीच येऊन बसली होती. दोघी रीतीप्रमाणे पाठीला पाठ लावून बसल्या, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटावं, तोंडही पाहत नाहीत. वरच्या पायरीवर धुरपताबाई उन्हात पाय पसरून बसली होती. हा तिचा केवळरामाकडचा पंधरवडा होता.

"जाऊबाई," नंदाबाई दगडावर लुगडं आपटत म्हणाली, "आमच्या घरी रात्रंदिवस फावडे मोजून राहिले. झोपेतबी मोजतेत."

"आमच्याकडं आंघोळीत मोजतेत."

नंदाबाईला हसू फुटलं. ती हसू लागली की सारा घाट वळून पाहायचा, म्हणून तिनं ओलं लुगडंच तोंडावर धरलं.

"नंदे, मी का म्हन्तो," देवकाबाई आवाज खाली आणत म्हणाली, "ती खोली आपनच मांगली तर?"

"आपन म्हन्जे?"

"आपन बाया. चवथं मंडळ काढू."

"कशाचं काढता? भजन त्याइचं झालं, दंडार त्याइची झाली. आपन का करनार तथी?"

"बसनार."

"बसनार म्हन्जे?"

"म्हन्जे बसनार, अवो! दुपारचं जेवन झालं का जायचं, दार लोटायचं, अन् बसायचं. कोनी पानी मांगनार नाई, कोनी हाक मारनार नाई. तू अन् मी." देवकाबाईचा हात लुगड्यावरच थांबला. "सहा साल झाले तुजं तोंड धड पाह्यलं नाई मी. केस पिकले का तुजे, काऊन पिकले, कायी ठावं नाई मले."

नंदाबाईनं मागं न वळता हात मागे केला, आणि दोघींची ओली बोटं क्षणभर एकमेकींत अडकली.

"पन फावडे तं बाप्यांच्या हातात आहेत," ती म्हणाली. "आपल्यासमोर कोन रोवते?"

वरच्या पायरीवरून धुरपताबाई खाकरली. तिला कमी ऐकू येतं असं दोन्ही घरांत समजत, आणि तिनं तो समज कधी मोडला नव्हता.

"रिवाज कोनता म्हनला तुमच्या मंडळानं?" तिनं विचारलं.

"तलावाचा, बाई."

"मंग अर्धाच रिवाज घेतला तुमच्या नवऱ्याइनं. सारं अर्धंच घेतेत." धुरपताबाई एकेक पायरी उतरत त्यांच्यामागे येऊन टेकली. "माजा बा पाळीवर उभा राहून का मोजे, ठावं आहे का? फावडा नाई मोजे. जोड मोजे. बाप्याच्या हाती फावडा अन् बाईच्या डोईवर टोपलं, तवा एक. फावड्यानं माती खोदली अन् खड्ड्याशीच पडून राह्यली, तं पाळ कशी चढन? बिनटोपल्याचा फावडा माज्या बानं कधी मोजला नाई. ज्याची बाई आली नाई, त्याचं घर आलं नाई."

देवकाबाई हळूच म्हणाली, "बाई, टोपले तं आमच्या ताब्यात आहेत."

"मी का म्हन्तो मंग," धुरपताबाई म्हणाली आणि पुन्हा बहिरी झाली.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईनं आपल्या मुलाला ओसरीवर गाठलं. यादोराव वही उघडून बसला होता.

"चवथं मंडळ लिह्य. बायांचं."

"माय, नियम आहे. दहा नावं लागतात."

"सव्वीस आहेत. लिह्य. देवकाबाई, नंदाबाई, जमुनाबाई, शामकला..."

नंदाबाईचं नाव ऐकून यादोरावानं वर पाहिलं, पण आईच्या डोळ्यांत बघून पुन्हा खाली पाहिलं. पोरगा हुशार होता; मॅट्रिकमुळे नव्हे, आईमुळे. नावं लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "उद्देश काय लिहू?"

"ते का असते?"

"म्हणजे मंडळ काय करणार? भजनाचा उद्देश ईश्वरभक्ती आहे. बाबांनी दंडारीचा लोकरंजन सांगितलाय."

"आमचा बसने लिह्य."

"माय, असं कसं लिहू? गटाच्या हापिसात जाते ही वही. शिवणकाम लिहितो."

"मी सुई नाई धरत."

"बालसंगोपन?"

"आतालोक का करून राहिलो होतो मंग? तुले कोनं वाढवला, गटाच्या हापिसानं?" देवकाबाईनं वहीवर बोट आपटलं. "ब-स-ने. लिह्य."

यादोरावानं लिहिलं. उद्देश: बसणे.

ही बातमी दोन्ही घरांत पोचली तेव्हा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हशा पिकला. सहा वर्षांत दोघे भाऊ एकाच गोष्टीला हसले ते तेव्हाच. बायांसमोर फावडं रोवणार कोण? रोवणाऱ्याला मग मंडईत तोंड दाखवता येईल का? मनिराम तर हसता हसता अर्ध्या जात्यावरून घसरला.

गिनतीच्या दिवशी खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत तीन चटया अंथरल्या होत्या. डावीकडे केवळराम कपाळभर बुक्का लावून, उजवीकडे मनिराम राजाच्या सोंगातला फेटा बांधून. मधली, दारासमोरची, बायांची चटई रिकामीच होती. अध्यक्ष बकारामजी बाजेवर बसले होते. म्हातारा सरळ माणूस; दोघांपैकी कोणालाही दुखवायचं नाही, म्हणून सकाळपासून विडीवर विडी ओढत होता.

फावडी रोवायला सुरुवात झाली. केवळरामाकडे टाळकरी दुधराम गेला, त्याच्यामागे त्याचे भाऊबंद गेले. मनिरामाकडे सारे नाचे आणि ढोलकीवाले. मनिरामानं पक्की म्हणून मोजलेली चार घरं सासुरवाडीच्या दाबानं केवळरामाकडे गेली, केवळरामाची तीन मनिरामाकडे आली. शेवटी गिनती झाली ती अठरा-अठरा. बकारामजींनी आपलं फावडं बाजेखाली सारून ठेवलं होतं. उरला चैतराम. तो फावडं खांद्यावर घेऊन मधोमध उभा होता. डावीकडून मृदंग दिसत होता, उजवीकडून राणीचा शालू, आणि त्याला घाम फुटला होता.

"चैतराम, ये ना बा!" मनिराम ओरडला.

"चैतराम, देवाचं काम आहे!" केवळराम ओरडला.

तेवढ्यात तलावाच्या बाजूनं बाया आल्या. सव्वीस जणी म्हणून नाव होतं, पण एकेक करत छत्तीस झाल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या डोईवर टोपलं. कोणीतरी म्हणालं, चिवडा आणला वाटते. बायांनी मधल्या चटईसमोर ओळीनं टोपली मांडली. सारी रिकामी. मग साऱ्या जणी खाली बसल्या. देवकाबाईच्या शेजारी नंदाबाई बसली, पाठीला पाठ लावून नव्हे, खांद्याला खांदा लावून.

दोघे भाऊ एकदम उभे राहिले. पण बोलणार कसे? एकानं आपल्या बायकोला ओरडावं तर दुसऱ्याचाही तोच शब्द व्हायचा, आणि दोघांचं एकमत झालेलं गावाला दिसायचं. दोघेही खाली बसले.

धुरपताबाई काठी टेकत बाजेपाशी गेली. "बकाराम, गिनती कोनत्या रिवाजानं?"

"तलावाच्या, बाई."

"यादो, वाच."

यादोरावानं ठराव वाचला. सही कोणाची तेही वाचलं.

"मंग सांग, बकाराम. माजा बा पाळीवर उभा राहून का मोजे?"

बकारामजींची विडी तोंडातच राहिली. "जोड मोजे," ते सावकाश म्हणाले. "खरंच बाप्पा, जोडच मोजे. एका साली माजी बायको माहेरी गेली होती. आठ दिवस एकटा खपलो, अन् तुज्या बानं माजा फावडा मोजला नाई. पुन्हा आठ दिवस खपाले लावलं."

"तवा अथी जोडी किती आहेत?"

बकारामजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. छत्तीस फावडी उभी होती आणि एकाहीजवळ टोपलं नव्हतं. "एकबी नाई," ते म्हणाले.

"हा माती खोदायचा रिवाज आहे!" केवळराम उसळला. "मताचा नाई!"

"काका, ठराव तुमीच मांडला," यादोराव वही पुढे करत म्हणाला. "खाली दोन रेघाबी मारल्या."

मनिराम मांडीवर थाप मारून हसला. धाकट्याची अशी फजिती त्यानं वाटणीनंतर पाहिली नव्हती. मग आपलीही अठरा फावडी पाण्यात गेली हे त्याच्या ध्यानात आलं आणि हसू थांबलं.

केवळराम मात्र मुळात डोक्यानं तल्लख. त्यानं बुक्का पुसला, घसा साफ केला आणि शांतपणे विचारलं, "बिनटोपल्याचा फावडा मोजत नाई, बरं. बिनफावड्याचं टोपलं तरी कोन मोजते?"

याचा विचार देवकाबाईनं केलाच नव्हता. धुरपताबाईकडे पाहिलं तर तीही ओठ चावत होती. म्हातारी खोटं बोलणारी नव्हती. "नाई मोजत," ती म्हणाली. "हे खरं आहे."

"मंग कोनालेच नाई," बकारामजींनी सुटकेचा श्वास सोडला. "खोली पुढच्या सालालोक बंद. यादो, कुलूप घाल."

यादोराव किल्ली घेऊन उठला. नंदाबाईनं देवकाबाईचा दंड धरला. आणखी एक वर्ष घाटावर पाठीला पाठ. देवकाबाईच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, पण पाण्याआधी डोकं धावलं. ती उभी राहिली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जाऊ दे, नंदे. आपल्या नशिबात नाई. तू असं कर, तुजं टोपलं उचल, अन् तुज्या मालकाच्या फावड्याजवळ नेऊन ठेव. एक जोड होईन. बाकी साऱ्याइचं शून्य आहे, एका जोडीनंबी खोली भजनाले भेटन."

नंदाबाईनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. अठरा वर्षं एका खुंट्याला हात लावलेले; जावेचा हात कुठे वळणार हे तिला कळायचं. ती लगेच उठली, टोपल्याला हात घातला.

"थांब!" मनिराम किंचाळला. फेटा एका कानावर आला. "यादोचे माय! आपलं टोपलं आन इकडं! दौड!"

"माज्यानं नाई उचलत," देवकाबाई म्हणाली. "कंबर धरली."

"रिकामं तं आहे!"

"रिकामं आहे म्हनूनच उचलत नाई. भरलेलं असतं तं उचललं असतं, सवय आहे."

नंदाबाई टोपलं घेऊन एक पाऊल पुढे गेली. केवळरामाच्या तोंडावर हसू पसरू लागलं. ते हसू पाहिलं आणि मनिरामाला राहवेना. टाळांच्या गजरात ते हसू रोज त्या खोलीत बसलेलं त्याला दिसलं. त्यानं आपलं फावडं उपटलं, तीन ढांगांत मधली चटई गाठली आणि देवकाबाईच्या टोपल्याशेजारी खच्चकन रोवलं.

"घ्या! एक जोड बायांची! त्याच्या टाळांपरीस बाया बऱ्या!"

दंडारवाले आ वासून पाहत राहिले. नंदाबाई होती तिथंच थांबली आणि टोपलं खाली ठेवलं, नेमकं देवकाबाईच्या टोपल्याला लागून.

"अवो, आन ना इकडं!" केवळराम म्हणाला.

"माजीबी कंबर धरली," नंदाबाई म्हणाली आणि पदर तोंडात कोंबला.

आता केवळरामाची पंचाईत झाली. भजनाला खोली जाणार नाही हे तर दिसतच होतं. पण बायांना खोली दिली म्हणून गावभर नाव कोणाचं होणार? मोठ्याचं? पुढची वीस वर्षं मनिराम तेच सांगत फिरणार, की माझ्या एका फावड्यानं खोली दिली? ते तर मुळीच नाही. त्यानंही फावडं उपटलं आणि नंदाबाईच्या टोपल्याशेजारी रोवलं, मनिरामाच्या फावड्याहून चार बोटं खोल.

"मी तं पहिलेपासून मधातच होतो!" चैतराम आनंदानं ओरडला आणि तिसरं रोवलं. मग एकेक जण उठू लागला. खरं सांगायचं तर छत्तीस बाया छत्तीस बाप्यांकडे पाहत होत्या, आणि संध्याकाळचं जेवण सगळ्यांनाच करायचं होतं. शेवटी बकारामजींनी बाजेखालचं फावडंही काढलं.

यादोरावानं दारावर पाटी लावली. बसण्याचं मंडळ. वेळ, दुपारच्या जेवणापासून दिवेलागणीपर्यंत. बसल्या वेळी कोणी हाक मारू नये. खाली मंडळाचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी मनिराम शेतातून आला, पाणी अंगावर घ्यायला बसला आणि चिखलातच बसला. अर्धं जातं जागेवर नव्हतं. भिंतीपलीकडे त्याच वेळी केवळराम सतरा कोंबड्यांमागे धावत होता. खुराड्यावरची तळी गेली होती. दोघेही तणतणत मंडळाच्या खोलीकडे निघाले. एक तलावाच्या वाटेनं, दुसरा देवळाच्या. दाराशी आले, पाटी वाचली, म्हणजे केवळरामानं वाचली आणि मनिरामानं शिक्का पाहिला. हाक मारायची सोय नव्हती. दोघे पायरीच्या दोन टोकांना बसले.

आत देवकाबाई आणि नंदाबाई समोरासमोर बसल्या होत्या. सकाळी सहा जणींनी लोटत लोटत दोन्ही तळ्या आणून एकीवर एक बसवल्या होत्या. बाकीच्या बाया भिंतीला टेकून, पाय पसरून, काहीच करत नव्हत्या, आणि उद्देशाप्रमाणे मंडळ चाललं होतं. धुरपताबाई घोरत होती. देवकाबाईनं नंदाबाईचं तोंड पाहून घेतलं होतं. केस पिकले होते. काऊन पिकले, ते सांगायला आता वेळ होता. पसाभर लाखोरीचे दाणे घेऊन दोघींनी खुंट्याला हात लावला, आणि जातं फिरू लागलं. फिरताना दर वेढ्याला एकदा खट्ट वाजे.

खिडकीतून बाहेरचं ऐकू येत होतं. केवळराम खाकरला.

"एका कोंबडीले कोनी सांगा," तो समोरच्या झाडाला म्हणाला, "मायचं जातं वाजून राहिलं."

जातं फिरत राहिलं. खट्ट. खट्ट.

"वरच्या तळीची कोर फुटली आहे," मनिराम झाडाला म्हणाला. "म्हनून वाजते."

"हो."

"ते फोडलं होतं एका पोट्ट्यानं. आठ वर्साचा होता. कुदळीनं."

आणखी दोन वेढे. मग केवळरामाचा आवाज आला, आणि तो झाडाकडे तोंड करून आलेला नव्हता.

"मार तं तू खाल्ला होता, दादा. मी नाव सांगतलं नाई, अन् तूबी सांगतलं नाई. मले आठवते ते."

"तू लहान होतास रे," मनिराम म्हणाला. "मायचा हात भारी होता. तुले सोसला नसता."

आत देवकाबाई खुंटा धरून फिरवत होती आणि समोर नंदाबाईच्या गालावरून पाणी वाहत होतं. नंदाबाईनं जात्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं.

"जाऊबाई," ती कुजबुजली, "दाने सरले. रिकामं जातं फिरवू नये म्हन्तेत."

"फिरव," देवकाबाई म्हणाली. "थांबू नोको. ते बोलून राहिले."